मोफत डीएलसी: खात्यावर नोंद, मशीनवर फाइल आणि गेममधला दरवाजा

गेम घेऊन सहा महिने झाले, कंपनीने नवा भाग फुकट दिला, मित्र तो खेळून मोकळेही झाले आणि आपल्या स्क्रीनवर मात्र तोच जुना मेन्यू. पहिला पीसी किंवा पहिला कन्सोल घेतलेले बहुतेक जण इथे अडकतात. मोफत डीएलसी (‘डाउनलोडेबल कंटेंट’, म्हणजे गेमला नंतर जोडायचा जादा भाग) हातात पडायला तीन टप्पे लागतात: खात्यावर त्याची नोंद, मशीनवर त्याच्या फाइली, आणि गेमच्या आत ती जागा किंवा ते मिशन उघडणं. पहिला टप्पा फोनवरूनही होतो. दुसऱ्याला इंटरनेट आणि डिस्कवर जागा लागते. तिसऱ्यासाठी गेम खेळावा लागतो, कधीकधी बराच. काही दिसेनासं झालं की आधी ठरवायचं, गाडी कोणत्या टप्प्यावर थांबली आहे. लोकांच्या प्रतिक्रिया वाचतानाही हीच विभागणी कामाला येते.

फुकट म्हणजे कोणतं फुकट

काही गेममध्ये नवा भाग साध्या अपडेटमधून येतो आणि नोंद करायला काहीच नसतं. ‘नो मॅन्स स्काय’, ‘स्टारड्यू व्हॅली’, ‘टेरारिया’ या तिन्ही गेमची वर्षानुवर्षांची वाढ अशीच झाली. गेम अपडेट झाला की नवा भाग आत आलेला असतो. इथे दुकानात ‘डीएलसी’ शोधत बसलात तर काहीच सापडणार नाही, आणि सापडत नाही म्हणून घाबरायचंही कारण नाही.

दुसरा प्रकार म्हणजे दुकानात स्वतंत्र पान असलेला, किंमत शून्य असलेला डीएलसी. ‘द विचर ३’ मे २०१५ मध्ये आला तेव्हा त्याच्या कंपनीने असे सोळा छोटे डीएलसी आठवड्या-आठवड्याने दिले होते: कपडे, दाढीमिशांच्या ठेवणी, काही मिशन्स आणि शेवटी ‘न्यू गेम प्लस’ (कमावलेली ताकद घेऊन गेम पुन्हा पहिल्यापासून खेळणं). असे डीएलसी आपण स्वतः घ्यावे लागतात.

तिसरा प्रकार मुदतीचा. ठरावीक तारखेच्या आत क्लेम केला, म्हणजे खात्यावर नोंदवला, तर कायमचा आपला, नंतर पूर्ण किंमत. चौथा प्रकार वर्गणीशी बांधलेला. गेम पासवरून किंवा प्लेस्टेशन प्लसवरून मिळालेल्या गेमवर मोफत डीएलसी घेतला, तर वर्गणी संपल्यावर डीएलसी खात्यावर राहतो, पण मूळ गेम उघडत नाही. डीएलसी एकटा चालत नाही. हे लक्षात ठेवा, म्हणजे पुढच्या निम्म्या चुका टळतील. ‘फ्री वीकेंड’ हा तर डीएलसी नव्हेच. सोमवारी तो गेम बंद होतो.

खात्यावर नोंद कशी करायची

स्टीम, एपिक आणि जीओजी ही पीसी गेमची ऑनलाइन दुकानं. स्टीमवर गेमच्या दुकानातल्या पानावर खाली त्या गेमच्या सगळ्या डीएलसींची यादी असते. ‘सगळे पाहा’ उघडा, किंमतीच्या जागी ‘फ्री’ लिहिलेला डीएलसी निवडा आणि त्याच्या स्वतःच्या पानावरून तो घ्या. मग लायब्ररीत येऊन गेमच्या नावावर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, ‘डीएलसी’. तिथे नाव दिसतंय का आणि त्यापुढे खूण आहे का, दोन्ही पाहा. नाव नसेल तर नोंद झालेली नाही. नाव आहे पण खूण नाही, तर नोंद झाली आहे, फाइली आलेल्या नाहीत.

एपिकवर गेमच्या पानावर ‘ॲड-ऑन्स’ असा वेगळा विभाग असतो. मोफत वस्तूसाठीसुद्धा ऑर्डरचं पान येतं आणि बेरीज ० रुपये दिसते, ते नेहमीचंच. ऑर्डर पूर्ण करायची. एपिकचे मोफत गेम दर गुरुवारी बदलतात. आपल्याकडे ती वेळ उन्हाळ्यात रात्री साडेआठची आणि हिवाळ्यात साडेनऊची असते, कारण अमेरिकेतली घड्याळं मागेपुढे होतात. गुरुवारी संध्याकाळी सातला उठून मागच्या आठवड्याचा गेम घेता येतो, दहाला नाही.

जीओजीवर एक सोय अशी आहे की डीएलसीचा इन्स्टॉलर वेगळी फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवता येतो. मात्र मूळ गेमचा आणि डीएलसीचा इन्स्टॉलर एकाच आवृत्तीचे असले पाहिजेत. जुना गेम आणि नवा डीएलसी अशी जोडी लावली की गेम सुरूच होत नाही किंवा डीएलसी दिसत नाही.

एका दुकानातला डीएलसी दुसऱ्या दुकानातल्या गेमला लागत नाही. एपिकवर फुकट मिळालेल्या गेमसाठी स्टीमवरचा डीएलसी घेऊन उपयोग नाही. स्टीमवर कुटुंबाची सोय वापरून भावाचा गेम खेळत असाल तर भावाच्या प्रतीबरोबर भावाचेच डीएलसी मिळतात. मूळ गेम त्याचा आणि डीएलसी तुमचा अशी जोड होत नाही.

कन्सोलवर खरी डोकेदुखी प्रदेशाची. प्लेस्टेशनची डिस्क ज्या प्रदेशासाठी छापलेली असते, त्याच प्रदेशाच्या दुकानातला डीएलसी तिला चालतो. गेम डिस्कवरून व्यवस्थित चालतो, म्हणून शंका येत नाही, आणि भारतीय खात्यावरून घेतलेला डीएलसी मात्र गेम ओळखत नाही. परदेशातून कोणी आणलेली डिस्क किंवा पुण्यात जुन्या बाजारातून घेतलेली डिस्क असेल तर पैसे देण्याआधी कव्हरवरचं प्रदेशाचं चिन्ह आणि वयाच्या शिक्क्याची पद्धत पाहून घ्या. भारतात अधिकृतपणे विकल्या जाणाऱ्या त्याच गेमच्या डिस्कशी ती ताडून पाहिली की लगेच कळतं. निन्टेंडो स्विचचंही हेच: मशीनला प्रदेशाचं बंधन नाही, पण डीएलसी कार्ट्रिजच्या प्रदेशाचाच लागतो. शिवाय एकाच गेमच्या पीएस४ची (प्लेस्टेशन ४) आणि पीएस५ची अशा दोन वेगळ्या प्रती असू शकतात. पीएस५वर बसून चुकून पीएस४ची प्रत चालवत असाल तर पीएस५चा डीएलसी तिच्यात दिसणार नाही. गेमच्या चिन्हावर पर्यायांचं बटण दाबून कोणती प्रत निवडली आहे ते तपासा.

एक्सबॉक्सवर ‘माय गेम्स अँड ॲप्स’मध्ये गेम निवडा, मेन्यूचं बटण दाबून ‘मॅनेज’मध्ये जा. नोंद झालेले पण न उतरवलेले भाग तिथे खुणेविना दिसतात.

डाउनलोड: वेग, जागा आणि वीज

गणित एकदा समजून घ्या. इंटरनेटचा वेग मेगाबिटमध्ये सांगतात, फाइल मेगाबाइटमध्ये मोजतात, आणि ८ बिटांचा एक बाइट. म्हणजे १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला जास्तीत जास्त साडेबारा मेगाबाइट उतरतात. ४० जीबीला साधारण ५४ मिनिटं, प्रत्यक्षात तासभर किंवा थोडं जास्त. ५० एमबीपीएसवर पावणेदोन ते दोन तास. फोनच्या हॉटस्पॉटवर रोजचे २ जीबी असतील तर तेच काम वीस दिवसांचं, त्यामुळे तो विचार सोडून द्या. घरच्या ‘अमर्यादित’ प्लॅनलाही बहुधा महिन्याची मर्यादा असते, अनेक ठिकाणी ३,३०० जीबी. एका माणसाला ती पुरते. पण कर्वेनगर-कोथरूडच्या पीजीत आठ-दहा जण एकाच जोडणीवर असतील तर महिनाअखेरीला वेग पडतो आणि दोष गेमच्या सर्व्हरला दिला जातो.

स्टीममध्ये ‘सेटिंग्ज’, ‘डाउनलोड्स’ इथे प्रदेश मुंबई आहे का पाहा. प्रवासानंतर किंवा व्हीपीएन वापरल्यानंतर तो भलताच राहिलेला असतो. त्याच पानावर वेगाला मर्यादा घालता येते आणि अपडेटची वेळ रात्रीची ठरवता येते. घरात कोणाची ऑफिसची मीटिंग सुरू असताना मर्यादा घालून ठेवणं बरं. वायफाय असेल तर २.४ ऐवजी ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवडा, पण जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ पलीकडे पोचत नाही. अशा घरात राउटरपासून लॅनची केबल ओढणं हाच खात्रीचा उपाय. कॅट-६ची तयार केबल तपकीर गल्लीत हव्या त्या लांबीची मिळते.

आता ‘पॅचिंग’. अनेकदा स्टीम ५ जीबीचं अपडेट उतरवतं आणि मग नेटवर्कचा आलेख शून्यावर जाऊन डिस्कचा आलेख धावत राहतो. नवखा माणूस ‘अडकलं’ म्हणून ते रद्द करतो. खरं तर त्या वेळी मोठ्या फाइली उलगडून नव्याने बांधल्या जात असतात. जुन्या हार्ड डिस्कवर याला डाउनलोडपेक्षा जास्त वेळ लागू शकतो. त्यासाठी मोकळी जागाही अपडेटच्या आकारापेक्षा बरीच जास्त लागते. पीएस४वर तर पूर्ण गेमची नवी प्रत बनते, म्हणून ५० जीबीच्या गेमच्या छोट्या अपडेटलाही तेवढीच मोकळी जागा हवी असते. सुरुवातीच्या पीएस५ची साठवण ८२५ जीबी, पण त्यातली साधारण ६६७ जीबीच वापरायला मिळते, हे खरेदीच्या वेळीच माहीत असलेलं बरं.

पुण्याच्या अनेक भागांत गुरुवार हा देखभाल-दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा दिवस असतो. मोठं डाउनलोड बुधवारी रात्री लावून सकाळपर्यंत संपवायचं. नुसतं डाउनलोड मध्ये तुटलं तर ते पुढे सुरू होतं, त्याची काळजी नाही. धोका पॅचिंगच्या मध्येच वीज जाण्याचा. तसं झालं तर वीज आल्यावर गेम सुरू करण्याआधी स्टीमवर ‘प्रॉपर्टीज’, ‘इन्स्टॉल्ड फाइल्स’, आणि फाइलींची तपासणी करण्याचा पर्याय. बिघडलेल्या तेवढ्याच फाइली पुन्हा उतरतात. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटपर्यंत झेपतो. डाउनलोड करत शांत बसलेल्या पीसीला तो पुरतो, ग्राफिक्स कार्ड जोरात चालू असताना मात्र पुरेलच असं नाही. राउटरलाही वेगळा बॅकअप हवा, नाहीतर पीसी चालू आणि नेट बंद.

गेमिंग कॅफेत खेळणाऱ्यांसाठी: बऱ्याच कॅफेंतले पीसी दर रीस्टार्टला मूळ स्थितीत परततात. तिथे उतरवलेला डीएलसी दुसऱ्या दिवशी नसतो, पण खात्यावरची नोंद टिकते. म्हणून नोंद फोनवर करून ठेवा आणि डाउनलोडसाठी तासाचे पैसे घालवू नका. त्या पीसीवर आधीच तो गेम आहे का आणि त्याची आवृत्ती ताजी आहे का, हे बसण्याआधी विचारा.

गेमच्या आत तो भाग कुठे असतो

हा टप्पा सगळ्यात कमी समजावला जातो, आणि ‘डीएलसी चालत नाही’ अशा तक्रारींमागे बहुधा हाच असतो.

काही भाग थेट मुख्य मेन्यूत येतात. ‘गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक’चा ‘वल्हाला’ १२ डिसेंबर २०२३ला मोफत आला, तो मुख्य मेन्यूतूनच उघडतो. कथा पूर्ण न करताही उघडतो, आणि तिथेच फसगत होते: त्यात मूळ कथेचा शेवट गृहीत धरलेला आहे. आधी गेम संपवा. ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या नव्या आवृत्तीतला ‘मर्सनरीज’ हा वेगळा मोडही (खेळायचा प्रकार) मेन्यूतूनच मिळतो.

काही भाग नकाशावर असतात आणि पायी जावं लागतं. ‘एल्डन रिंग’मधली तीन कलोसियम (लढाईची रिंगणं) आधी बंद दारांच्या इमारती म्हणून उभी होती. डिसेंबर २०२२च्या मोफत अपडेटनंतर ती दारं उघडली. तिथे इतर खेळाडूंशी लढायचं असल्याने प्लेस्टेशनवर प्लसची वर्गणी लागते. डीएलसी फुकट, पण ऑनलाइन खेळणं फुकट नाही, हे कन्सोलवाल्यांनी प्रत्येक वेळी तपासावं.

काही भागांना अट असते. ‘विचर ३’मधल्या ‘न्यू गेम प्लस’साठी मुख्य कथा संपवलेला आणि किमान ३०व्या पातळीचा सेव्ह (जतन केलेला खेळ) लागतो. ‘हॉलो नाइट’चा ‘गॉडमास्टर’ हा भाग २०१८ साली मोफत आला, पण त्याचं दार रॉयल वॉटरवेजमधल्या कचऱ्याच्या खड्ड्यात आहे आणि ते उघडायला एक ‘सिंपल की’ खर्च होते. गेममध्ये या किल्ल्या मोजक्याच आहेत, त्यामुळे सापडली की कुठे वापरायची ते ठरवूनच वापरा.

‘स्टारड्यू व्हॅली’चं १.६ अपडेट याचं फार बोलकं उदाहरण आहे. ते १९ मार्च २०२४ला पीसीवर आलं आणि ४ नोव्हेंबर २०२४ला कन्सोल व मोबाइलवर. त्यातलं ‘मेडोलँड्स’ शेत फक्त नवा खेळ सुरू करतानाच निवडता येतं. जुन्या शेतावर ते कधीच दिसणार नाही. पण वाळवंटातला उत्सव जुन्या सेव्हमध्येही येतो, वसंत ऋतूच्या १५ ते १७ तारखेला, बस दुरुस्त केलेली असेल तर. एकाच अपडेटमधले दोन भाग, एकाला नवा सेव्ह हवा, दुसऱ्याला जुना चालतो. म्हणून कोणताही मोठा डीएलसी आला की कंपनीची सूचना वाचताना तीनच प्रश्न शोधा: जुना सेव्ह चालतो का, कुठवर खेळलेलं हवं, आणि सुरुवात कुठून.

काही वस्तू मेन्यूच्या पर्यायांत दडलेल्या असतात. डिसेंबर २०२२च्या अपडेटपासून ‘विचर ३’मधले वेगळे पोशाख सेटिंग्जमधून चालू-बंद करता येतात. आपल्या पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सच्या ‘राजी: ॲन एन्शंट एपिक’ची एन्हान्स्ड एडिशन जुन्या खरेदीदारांना मोफत मिळाली आणि तिच्यात हिंदी संवाद आले. इंग्रजीच ऐकू येत असेल तर भाषेचे पर्याय उघडून पाहा. ज्यांनी हा गेम २०२०मध्ये खेळून बाजूला ठेवला, त्यांनी हिंदीत एकदा तो पुन्हा खेळावाच.

मोबाइलवर प्ले स्टोअरचं अपडेट हा अर्धाच भाग असतो. बीजीएमआयसारख्या गेममध्ये नवे नकाशे आणि मोड गेम उघडल्यावर आतल्या डाउनलोडच्या खुणेवरून वेगळे घ्यावे लागतात. प्ले स्टोअरला ‘फक्त वायफाय’ असं सांगून ठेवलं तरी ही आतली डाउनलोड्स ते बंधन पाळतीलच असं नाही. आधी वायफायवर या.

अपडेटआधी सेव्ह आणि मॉड सांभाळा

मोठ्या मोफत अपडेटआधी सेव्हचं फोल्डर कॉपी करून ठेवा. क्लाउडवर भरवसा ठेवू नका, कारण क्लाउड बिघडलेला सेव्हही तितक्याच तत्परतेने सगळीकडे पोचवतो. ‘विचर ३’चे सेव्ह ‘डॉक्युमेंट्स’मधल्या गेमच्या नावाच्या फोल्डरात ‘गेमसेव्ह्ज’मध्ये असतात. नवीन आवृत्तीत एकदा जतन केलेला सेव्ह जुन्या आवृत्तीत बहुधा उघडत नाही. ‘स्टारड्यू’त १.६मध्ये जतन केलेलं शेत १.५मध्ये परत नेता येत नाही.

मॉड (खेळाडूंनी बनवलेले गेममधले बदल) वापरत असाल तर मोफत अपडेट ही चांगली बातमी असेलच असं नाही. ‘फॉलआउट ४’चं नवं अपडेट २५ एप्रिल २०२४ला फुकट आलं आणि मॉडचा पाया असलेलं स्क्रिप्ट एक्स्टेंडर त्याच दिवशी निकामी झालं. त्यावर उभे असलेले मॉड एका झटक्यात बंद पडले. ‘फॉलआउट लंडन’ हा मोठा मॉड त्या आठवड्यात यायचा होता, त्याला जुलैपर्यंत थांबावं लागलं. कारण सरळ आहे: असे मॉड गेमच्या मूळ प्रोग्राममधल्या ठरावीक जागांवर बेतलेले असतात आणि अपडेटने त्या जागा हलतात.

यावर उपाय असा. स्टीममध्ये त्या गेमच्या ‘प्रॉपर्टीज’मध्ये ‘अपडेट्स’ इथे ‘गेम सुरू करेन तेव्हाच अपडेट कर’ निवडा. ‘कधीच नको’ असा पर्याय तिथे नाही. मग अपडेट आल्यावर गेम सुरू न करता मॉडच्या नव्या आवृत्तीची वाट पाहा. अपडेट झालंच असेल तर सगळे मॉड काढा, फाइली तपासा, मॉडशिवाय गेम चालतो हे पाहा आणि मग एकेक मॉड परत घाला. सगळे एकदम घातले तर बिघाड कोणाचा हे कळायला मार्ग उरत नाही. काही गेममध्ये ‘बीटाज’ या टॅबमध्ये कंपनीनेच जुन्या आवृत्त्या ठेवलेल्या असतात, तेही पाहून घ्या.

लोक काय म्हणतात, ते कसं वाचायचं

मोफत डीएलसीवर लोक चिडतात तेव्हा ‘फुकट मिळतंय तर गप्प बसा’ असं उत्तर हमखास येतं. ते चुकीचं आहे. मूळ गेमचे पैसे दिलेले असतात, आणि फुकट अपडेट त्याच विकत घेतलेल्या गेमवर चढतं. ते बिघडलं तर नुकसान पैशाच्या वस्तूचं होतं. पण सगळा राग एकाच कारणाचा नसतो, आणि आपल्याला लागू होणारं कारण कोणतं हे वेगळं काढता आलं पाहिजे.

पहिलं कारण तांत्रिक. ‘विचर ३’चं १४ डिसेंबर २०२२चं मोफत अपडेट कन्सोलवर लोकांना आवडलं, पीसीवर मात्र अडखळण्याच्या तक्रारींचा पाऊस पडला. त्या तक्रारी मुख्यतः डायरेक्टएक्स १२ (विंडोजची ग्राफिक्सची यंत्रणा) आणि रे ट्रेसिंगच्या (प्रकाश-सावल्यांचं जड गणित) होत्या. सुरू करताना डायरेक्टएक्स ११ निवडलं की मध्यम पीसीवर गेम पुष्कळ सुधारायचा. म्हणजे अशा नकारात्मक प्रतिक्रियेत उपायही दडलेला असतो. ग्राफिक्स कार्ड आणि रॅम लिहिलेल्या प्रतिक्रिया शोधा, आपल्याशी जुळणारं मशीन असेल ते वाचा, बाकी सोडून द्या.

दुसरं कारण पैशाचं. ‘मर्सनरीज’ ७ एप्रिल २०२३ला मोफत आला, आणि त्याच दिवशी ‘रेसिडेंट ईव्हिल ४’च्या दुकानात बंदुकांच्या खास सुधारणेची तिकिटं विकायला आली. मोफत भेटीच्या दिवशीच तिकिटं आल्याने लोक चिडले, आणि गेमच्या पहिल्या परीक्षणांच्या वेळी ही विक्री नव्हती, हा त्यांचा मुद्दा योग्यच होता. पण तीच सुधारणा गेममध्ये कष्टाने मिळते, एकट्याने खेळायचा गेम आहे आणि तिकीट न घेता काहीही अडत नाही. राग खरा, मोड उत्तम, दोन्ही एकाच वेळी.

तिसरं अपेक्षाभंगाचं. ‘सायबरपंक २०७७’ डिसेंबर २०२०मध्ये अपुऱ्या अवस्थेत आला. मोफत डीएलसीचं आश्वासन होतं, आणि ऑगस्ट २०२१च्या १.३ पॅचमध्ये (दुरुस्तीच्या अपडेटमध्ये) पहिला हप्ता मिळाला तो जॅकेटं, एका पात्राचा वेगळा चेहरामोहरा आणि एक गाडी. लोकांनी मिशन्सची वाट पाहिली होती. पुढे सप्टेंबर २०२३च्या २.० अपडेटने गेमचा कणाच बदलला, तोही मोफत, पण पीएस४ आणि एक्सबॉक्स वनवाल्यांना ते मिळालंच नाही. त्यामुळे त्या गेमची स्तुती वाचताना ती कोणत्या मशीनवरची आहे हे पाहायला विसरू नका. भरपाई म्हणून दिलेला भाग हा याचाच भाऊ. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’ नोव्हेंबर २०१४मध्ये इतक्या बिघाडांसह आला की कंपनीने ‘डेड किंग्ज’ हा विक्रीचा डीएलसी सगळ्यांना फुकट दिला. अशा वेळी डीएलसीच्या पानावरचा राग मूळ गेमचाच असतो.

चौथं खात्याच्या सक्तीचं. ‘रॅग्नारॉक’ सप्टेंबर २०२४मध्ये ‘वल्हाला’सकट पीसीवर आला तेव्हा प्लेस्टेशन नेटवर्कचं खातं जोडायची सक्ती होती. ज्या देशांत ती सेवाच नाही, तिथल्या लोकांना तो गेम घेताच येत नव्हता. भारतात ती सेवा आहे, म्हणून पुण्यातल्या खेळाडूला हा अडथळा पाच मिनिटांचा होता. पुढे २०२५मध्ये सक्तीही निघाली. जगभरातला प्रत्येक संताप आपल्या दारात येत नाही.

आकडे वाचायची रीतही शिकून घ्या. स्टीमवर साधारण ८० ते ९४ टक्के लोकांनी शिफारस केली की ‘व्हेरी पॉझिटिव्ह’, ७० ते ७९ ‘मोस्टली पॉझिटिव्ह’, ४० ते ६९ ‘मिक्स्ड’. ‘सगळ्या’ आणि ‘अलीकडच्या’ अशा दोन ओळी असतात, त्यातली अलीकडची शेवटच्या ३० दिवसांची. मोफत अपडेटबद्दल निर्णय घ्यायचा तर हीच पाहायची. खालचा आलेख उघडून अपडेटच्या तारखेला लाल खांब उठलाय का पाहा, तो ओढून फक्त त्या दिवसांच्या प्रतिक्रिया वाचता येतात. २०१९पासून स्टीम विषयाबाहेरच्या झुंडीच्या प्रतिक्रिया आकड्यातून वगळतं आणि तिथे खूण ठेवतं. प्रत्येक प्रतिक्रियेवर ती लिहिली तेव्हा किती तास खेळून झाले होते, ते दिसतं. डीएलसी आल्याच्या पहिल्या तासात लिहिलेल्या शेऱ्यात डीएलसीबद्दल फारसं काही असू शकत नाही.

‘नो मॅन्स स्काय’चा प्रवास पाहावा. ऑगस्ट २०१६मध्ये आश्वासनं न पाळल्याबद्दल त्यावर टीकेची झोड उठली. नोव्हेंबर २०१६चं ‘फाउंडेशन’, २०१८चं ‘नेक्स्ट’, २०१९चं ‘बियाँड’ अशी अपडेट्स मोफत येत राहिली. तरी स्टीमवरचा एकूण शेरा ‘व्हेरी पॉझिटिव्ह’ व्हायला २०२४ साल उजाडलं, कारण जुनी मतं त्या आकड्यात मोजली जातातच. एकूण शेरा गेमचा इतिहास सांगतो. आज तो कसा चालतो, हे अलीकडच्या ओळीत सापडतं.

फसवणूक

मोफत डीएलसीसाठी बाहेरचा ‘अनलॉकर’ कधीच लागत नाही. डिस्कॉर्डवर किंवा व्हॉट्सॲपवर ‘इथे लॉगिन करून फ्री डीएलसी घ्या’ अशी लिंक आली तर ती न उघडता दुकानाच्या ॲपमध्ये स्वतः नाव शोधा. तिथे नसेल तर ती भेट नाहीच. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, काही मिळवण्यासाठी तो कोणी मागत असेल तर तिथेच थांबा. स्टीम गार्ड (लॉगिनची दुसरी तपासणी) फोनवर सुरू करा आणि कॅफेतून उठताना लॉगआउट करून निघा. विसरलात तर फोनवरून सगळीकडचं लॉगिन रद्द करता येतं.

स्वतः प्रतिक्रिया लिहायची असेल तर

आवृत्तीचा क्रमांक, मशीन, किती तास आणि मॉड होते का, हे पहिल्या दोन ओळींत लिहा. डीएलसीबद्दलचं मत डीएलसीच्या पानावर, मूळ गेमबद्दलचं मूळ गेमच्या पानावर. बिघाड असेल तर तो प्रतिक्रियेत लिहून थांबू नका. कंपनीच्या मदत-पानावर काय केल्यावर बिघाड होतो ते पायरीपायरीने लिहा आणि सेव्ह फाइल जोडा, कारण दुरुस्ती करणाऱ्याला तोच सेव्ह उघडून बिघाड पुन्हा पाहावा लागतो. लहान स्टुडिओला, विशेषतः आपल्या शहरातल्या, अशा नोंदींची फार गरज असते. प्रतिक्रिया मराठीत लिहिली तरी चालते. स्टीमच्या भाषांच्या यादीत मराठी नसेल तर जवळची भाषा निवडावी लागते, एवढंच. आणि पुढच्या पॅचने बिघाड गेला तर जुनी प्रतिक्रिया उघडून ‘एडिट’ करा, वर तारीख आणि नव्या आवृत्तीचा क्रमांक टाका.